दोन सीटची गाडी आणि दोधूनाना

आमचे दोधूनाना शहादा डेपोतून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. सगळ्या नोकरीत त्यांच्या हातून कुठल्याच गाडीवर ओरखडा उठला नाही, आणि हे ते चहा प्यायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवतात. दुसऱ्याचं ड्रायव्हिंग मात्र त्यांना सोसत नाही. बाजूला बसले तरी त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत असतो. चालत्या गाडीत नानांना झोपलेलं घरात कुणीच पाहिलं नव्हतं.

घरातल्या प्रत्येक नवरदेवाची गाडी नानाच चालवतात. माझ्या भावाच्या, भाग्येशच्या लग्नाला त्याचा मित्र नवनीत सुरतेहून आपली लाल स्पोर्ट्स कार हौसेने आमच्या गावी, कळसाडीला घेऊन आला. सीटा दोनच. नानांनी तिच्याभोवती चक्कर मारली.

"हाई कितलानी शे?"

किंमत ऐकून त्यांनी टोपीच काढली. "इतलामा तं नवी कोरी एसटी येई! हाईमा तं दोनच माणसं बठतस. इतला पैसा कसाना?"

नवनीत हसला. "नाना, अशी गाडी घेणारे थोडे. पण इंजिन, ब्रेक, पत्र्याचे साचे, चाचण्या, हा खर्च मोठ्या गाडीसारखाच. तो त्या थोड्यांवरच पडतो. वर परदेशातून येते, म्हणून कर."

"म्हंजे शेवटली फेरी," नाना म्हणाले. "दोन पॅसेंजर ऱ्हायनात तरी डिझेल तितलंच जळस. आनि सगळा खर्चा त्या दोन्हीसना तिकीटमा काढाना."

त्यांना पटलं, आणि तिथेच त्यांची झोप उडाली. वस्तू परक्याची, अब्रू आपली. नवनीतने किल्ली दिली तेव्हा मला नानांची खरंच दया आली.

नवरीच्या गावी जायला प्रकाशा गावाच्या रस्त्याला लागलो. पुढे ती गाडी, मागे आमची वऱ्हाडाची बस. गतिरोधक आला की गाडीचं पोट घासू नये म्हणून नाना नवरदेवाला खाली उतरवायचे. तेवढंच वजन कमी! बाशिंग सांभाळत भाग्येश चालत पलीकडे जायचा आणि बसमध्ये हशा पिकायचा. उसाची ट्रॉली दिसली की नाना कडेला थांबायचे. एकदा तर बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली. लग्न लागलं, पण भटजींचा जीव टांगणीला लावून.

निरोपाच्या वेळी रुपाची, म्हणजे नवरीची आई फुलवंताबाई डोळे पुसता पुसता थबकल्या.

"आनि नवरी कोठे बठी?"

एका सीटवर नाना, दुसरीवर नवरदेव. इतक्या शहाण्या माणसांत हा विचार एकालाही शिवला नव्हता. मी स्वतः चालवतो, असं भाग्येश म्हणाला. पण हळदीच्या अंगाने नवरदेवाने गाडी हाकायची नाही, हा आमच्याकडचा नियम. शिवाय नवरीबरोबर पाठराखीण म्हणून तिची मावशीही येणार होती.

नानांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातल्या रुमालाने गाडी पुसली, नवनीतला चारही बाजूंनी फिरवलं आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"देखी ले भो. जशी दिधी तशीच शे."

"नाना, घाबरलात की काय?"

"भलता घाबरनू," नाना म्हणाले, आणि आम्ही सगळेच हसलो.

नवरा-नवरी बसच्या पुढच्या सीटवर बसली, मावशी त्यांच्या मागे. नाना माझ्या शेजारी खिडकीपाशी टेकले. गाव सुटलं. पहिल्याच गतिरोधकावर बस दणकन आदळली. सवयीने मी त्यांच्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो चपलेबाहेर निवांत पडला होता, आणि नाना घोरत होते.