मुख्यालयाची जागा आणि दोन कॅन पाणी

या, अशा जवळ बसा. लांबून ऐकलेलं अर्धंच पोचतं आणि मग तुम्हीच म्हणता की बाईंनी नीट सांगितलं नाही. आणि हो, निवृत्त पोलीसबाई दिसली की लगेच खून विचारायचा, दरोडा विचारायचा, ही सवय सोडा. माझ्या नोकरीत तेही झालं. पण जी घटना अजून मनातून हलत नाही, तिच्यात कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा अकोल्याला उपनिरीक्षक होते. शिपाई म्हणून भरती झालेली, कायदा रात्रशाळेत नाही, ठाण्याच्या बाकावर बसून शिकलेली. त्या वर्षांत आमच्या ठाण्याचं मर्ग रजिस्टर भराभर भरत होतं. अकस्मात मृत्यूच्या नोंदीला आमच्याकडे मर्ग म्हणतात. शेतात औषध प्यालेल्या माणसाचा पंचनामा लिहिताना पुढचं वाक्य हात आपोआप लिहायचा, इतका सराव झाला होता, आणि त्या सरावाचीच मला भीती वाटायची. त्यामुळे एका सरपंचांचा पाण्याबद्दलचा अर्ज ठाणेदारांनी माझ्याकडे चौकशीला दिला, तेव्हा खरं सांगते, मला बरं वाटलं.

प्रकरण असं. एका सरकारी महामंडळाचं मुख्यालय जुन्या शहरात होतं, मोर्णा नदीपलीकडच्या गल्ल्यांत. जीप आत वळत नव्हती, फायलींना वाळवी लागली होती. ते शहराबाहेर न्यायचं ठरलं आणि छाननी होता होता दोन जागा उरल्या. एक मूर्तिजापूरच्या बाजूला, हमरस्त्यावर, धाब्याजवळ. दुसरी शहराच्या उत्तरेला, एका गावाच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी पडीक जमिनीवर. तिथे एक विहीर होती.

या विहिरीचं महत्त्व समजून घ्या. तिथून उत्तरेला खारपाण पट्टा सुरू होतो. जमिनीत कुठेही हात घाला, पाणी खारं. त्यात वरण शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि तेच पाणी पिऊन माणसाला मुतखडा होतो. ही विहीर त्या पट्ट्याच्या अगदी काठावर आणि तिचं पाणी गोड. महामंडळाच्या समितीचा कल याच जागेकडे होता, कारण पाणी तयार मिळत होतं. तपासणी नावापुरती करायची होती. पण प्रयोगशाळेचा अहवाल आला तो असा की पाणी खारं, पिण्यास अयोग्य.

सरपंच खवळले. गावात मुख्यालय येणार म्हणून जमिनीचे दलाल फेऱ्या मारायला लागले होते. सरपंचांचं म्हणणं, धाब्याकडच्या लोकांनी नमुना बदलला. त्यांचं म्हणणं चुकीचं वाटावं असं काही नव्हतं. मी स्वतः त्या विहिरीचं पाणी प्यायले होते.

तिसऱ्या दिवशी एका पानठेलेवाल्याने खबर दिली की नमुना घेतला त्या दुपारी जुन्या शहरातल्या एका चाचांचा टँकर विहिरीजवळ उभा होता. चाचांना बोलावलं. ते आले, बाकावर बसले, आधी चहा मागितला आणि मग मलाच समजवायला लागले.

"मॅडम, मी त्याच विहिरीवर टँकर भरतो. ते पाणी खारं ठरलं तं माझं पाणी कोन घेईन? माझंच पोट मी काहून कापू? इल्जाम लावा, पन अकलेचा लावा."

हवालदार हसला. मीही हसले असते, पण खुर्चीवर होते. चाचांचा जबाब लिहून घेतला. टँकरच्या फेऱ्या, वेळा, सगळं जुळत होतं. माणूस स्वच्छ होता. जाता जाता ते म्हणाले की नमुना चाखून तो खारा आहे एवढं कोणीही सांगेल, पण ते पाणी कुठलं हे सांगणारी पट्ट्यात एकच बुढी आहे. टँकरवाल्यांना शंका आली की तेही तिच्याकडेच जातात. मी गावाचं नाव टिपून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही.

आधी मला हे शोधायचं होतं की बदलायला वेळ कोणाला आणि कधी मिळाला. पंचनाम्यात लिहिलं होतं की दोन कॅन भरले, साडेबारा वाजता जागेवरच लाखेचं सील केलं, एक प्रयोगशाळेला आणि एक राखीव. महामंडळाच्या कनिष्ठ अभियंत्याला विचारलं तर त्याने पंचनामाच पाठ म्हणून दाखवला. मग मी सीलचा विषय सोडला आणि त्याला जेवणाचं विचारलं. माझा अनुभव आहे, माणूस कामाबद्दल खोटं बोलतो, जेवणाबद्दल बोलत नाही. तो खुलला. सरपंचांकडे भरीत होतं, कळण्याची भाकरी होती, मिरचीचा ठेचा असा की डोळ्यांत पाणी. किती वाजता बसलात? "साडेबारालाच बोलावलं होतं, गरम गरम." एवढं बोलून त्याने जीभ चावली.

मग सगळं सांगितलं. लाख आणि मेणबत्ती जीपमध्ये राहिली होती आणि जीप सरपंचांच्या दारात. कॅन लिंबाच्या सावलीत ठेवून सगळे जेवायला गेले. तासाभराने येऊन सील केलं आणि वेळ आधीची टाकली. म्हणजे सील फोडलंच नव्हतं. सील व्हायच्या आधीच पाणी बदललं होतं, चाचांचा टँकरही तोवर निघून गेला होता, आणि त्या तासाभरात विहिरीवर कोण होतं हे सांगणारा कोणी नव्हता.

आता माझ्याकडे एकच साक्षीदार उरला, तो राखीव कॅन. महामंडळाला पत्र दिलं, पंचांसमक्ष कॅन उघडला, एक बाटली भरून घेतली आणि जीप चाचांनी सांगितलेल्या गावाकडे काढली.

बुढी अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसली होती. वाळलेली, काळी, हातभर बांगड्यांची. मी तिच्याकडे तज्ज्ञ म्हणून गेले होते, हे लक्षात ठेवा. संशय माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी म्हटलं, आजी, हे पाणी कुठलं ते सांगा. तिने आधी खळखळून चूळ भरली. मग बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं, एक घोट जिभेवर फिरवला, बाजूला थुंकला आणि डोळे मिटून बसली.

"हे आमच्याच मारोतीच्या देवळामांगच्या हापशीचं हाय," ती म्हणाली. "सकाळचं नाई. रातभर हापशी उभी राह्यते, सकाळी पाण्याले लोखंड लागते. हे दुपारच्या वक्ताचं हाय."

प्रयोगशाळेने सात दिवस घेऊन एवढंच सांगितलं होतं की पाणी खारं आहे. ही बाई एका घोटात हापसा आणि दिवसाची वेळ सांगत होती. मी पेन काढलं आणि विचारलं की हे पाणी कोणी नेलं असेल.

तिने पदराने तोंड पुसलं. "मीच नेलं व माय."

पेन तसंच राहिलं. मी विचारलं, आजी, मग सांगितलं कशाला? वेगळ्या गावचं नाव घेतलं असतं तर मला कधीच कळलं नसतं. तिला माझा प्रश्नच कळला नाही.

"पाण्याचं खोटं कसं सांगू? कोनाचं लेकरू हाय, कोनाची पोटुशी हाय, थे मले इचारून पेतात."

मग तिने जे सांगितलं ते मी जबाबात जसंच्या तसं लिहिलं. विहिरीच्या गावात दवंडी झाली होती की पाणी तपासायला साहेब येणार. या बुढीच्या गावाहून ती विहीर दीड कोस. तिच्यासारख्या सात-आठ गावच्या बाया रोज तिथे येतात. मुख्यालय आलं की भिंत येणार, फाटक येणार, फाटकावर शिपाई येणार. "थो इचारन, बाई, तुयं काय काम? मंग मी काय सांगू, वरण शिजवाचं हाय?"

म्हणून तिने हापशीवर दोन घागरी भरल्या आणि उन्हात विहिरीकडे चालू लागली. त्या वाटेवर सगळ्या बाया रिकाम्या घागरी घेऊन जातात आणि भरून येतात. ही भरल्या घागरी घेऊन निघाली होती. कोणी पाहिलं असतं तर वेडी म्हटलं असतं. ते खारं पाणी विहिरीतच ओतायचं तिने ठरवलं होतं. काठावर जाऊन उभीही राहिली. पण हात पुढे होईना.

"विहीर काय आपली एकटीची हाय?" ती म्हणाली. मग लिंबाखाली उघडे कॅन दिसले.

कॅनमधलं गोड पाणी काय केलं, मी विचारलं. सांडलं का? ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जसं काही मी शिवी दिली. "सांडीन कशी? घागरीत घेतलं, घरी आनलं. वरण शिजोलं."

म्हणजे मुद्देमाल वरणात गेला होता. हवालदार तोंड फिरवून हसत होता आणि मी त्या बाईपुढे मान खाली घालून लिहीत होते. मग जबाबाखाली तिचा अंगठा घेतला.

आता अडचण माझी. खरं लिहिलं तर नवा नमुना घेतला जाणार, तो गोड निघणार आणि विहिरीभोवती भिंत उभी राहणार. काही निष्पन्न झालं नाही असं लिहून अर्ज दफ्तरी दाखल केला तर विहीर वाचत होती. कोणी मला विचारलंही नसतं. दोन दिवस तो कागद माझ्या टेबलावर पडून होता. शेवटी मी खरं लिहिलं. जिने स्वतःला वाचवायलाही पाण्याचं खोटं सांगितलं नाही, तिच्या जबाबाखाली मी खोटा शेरा कसा मारणार? पण ते टपालात टाकलं नाही. ठाणेदारांची परवानगी घेतली आणि समितीच्या मोठ्या साहेबांकडे अहवाल स्वतः घेऊन गेले. त्यांनी वाचला. मी एवढंच म्हटलं की साहेब, नवा नमुना घ्यायला याल तेव्हा सकाळी सहाला या.

ते आले. मला वाटलं नव्हतं, पण आले. दिवस नुकता वर येत होता. विहिरीच्या चारही बाजूंनी वाटा, आणि प्रत्येक वाटेवर बाया. डोक्यावर, कमरेवर, सायकलीला, बैलगाडीत घागरी. चारी बाजूंनी दोर खाली जात होते आणि वर येत होते, भांडण नाही, धक्का नाही. कोणाचा दोर आधी हे कोणी ठरवत नव्हतं आणि तरी ते ठरलेलं होतं. साहेबांच्या गाडीला कोणी वाट दिली नाही. ते उतरून पायी आले. एका बाईने न विचारताच त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते प्यायले. मग बायांना गावं विचारायला लागले आणि सहाव्या गावानंतर विचारायचे थांबले. मीही इतकी वर्षं त्या विहिरीवरून जीपने गेले होते, पण सकाळी सहाला तिथे कधी उभी राहिले नव्हते.

नवा नमुना गोड निघाला. प्रस्तावात त्या जागेपुढे 'मोकळी जागा' असं छापलं होतं. साहेबांनी ते खोडून हाताने लिहिलं, 'ही जागा मोकळी नाही.' मुख्यालय धाब्याजवळ गेलं. बुढीवर गुन्हा नोंदवला नाही, कारण सील मोडलेलं नव्हतं आणि अभियंत्याचा पंचनामाच खोटा ठरला. त्याला ताकीद मिळाली. सरपंच माझ्याशी बोलेनासे झाले, त्यांचंही बरोबर होतं.

मी यातून काय शिकले? खरा कागद लिहिला म्हणजे आपलं काम संपलं असं मी आधी समजत होते. तसं नसतं. खऱ्या कागदाला एकटं सोडलं तर तोही माणसाचं वाईट करू शकतो. त्याच्यासोबत आपण चालत जावं लागतं.

निकाल सांगायला गेले तेव्हा बुढीने काही विशेष आनंद दाखवला नाही. विहीर होती तिथेच राहणार, त्यात काय, असा चेहरा. मी उठले तेव्हा मात्र म्हणाली, "पोलीस कामाबिगर कोनाच्या घरी येत नाई, माह्यत हाय मले. तू येत जाय." मी हो म्हटलं. पुढच्याच महिन्यात माझी अमरावतीला बदली झाली, नांदगाव पेठेकडचं ठाणं मिळालं, आणि मी गेले नाही. काम नव्हतं ना.

म्हणून तुम्हाला म्हणते, काम निघेपर्यंत थांबू नका. आता मी अकोल्यातच असते आणि दार उघडं असतं. लवकर या.