एकट्याचा प्लॅन की तिघांचा

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते लासूर स्टेशनच्या आमच्या शाळेतल्या शिपाईकाकांचं. कॉम्प्युटरची खोली एरवी साहेब तपासणीला आले तरच उघडायची. काका शाळा सुटल्यावर ती माझ्यासाठी उघडत आणि दाराशी बसून राहत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं.

आता मी संभाजीनगरला, सिडकोतल्या एका खोलीत, दोघांबरोबर सॉफ्टवेअर बनवतो. मित्र सिल्लोडचा, मैत्रीण वैजापूरची. पहिलं मोठं गिऱ्हाईक मित्राच्या ओळखीचं: सिल्लोडचे मक्याचे एक व्यापारी. त्यांना वजनकाट्यापासून पावतीपर्यंतचं काम सोमवारी हवं होतं.

कोड लिहायचो तो एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर. त्याचे दोन प्लॅन, एकट्याचा आणि टीमचा. टीमचा महाग. एका विहिरीवर तीन भावांचं रान भिजतं हे बघत आम्ही वाढलो. एकट्याचा घेतला, माझ्या नावावर, आणि भिंतीवर पाळ्या लिहून लावल्या. सकाळी ती, दुपारी तो, संध्याकाळी मी. भांडणंही विहिरीवरचीच. "तुझं भिजवून झालं का नाय अजून?" असं ती ओरडायची.

शुक्रवारी खातं बंद पडलं. सगळा कोड आत. कंपनीनं कळवलं, हे खातं एका माणसाचं आहे आणि चालतंय तीन लॅपटॉपवर. एकटेच वापरणार असाल तर तसं लिहून द्या, नाहीतर टीमचा प्लॅन घ्या, खातं उघडतो.

मित्र म्हणाला, "दे ना लिहून. खातं तुझ्याच नावावर हाय. आमी तुझ्या चहाला दूध आणत जाऊ."

"तसं नाय रे."

"मग लावू व्यापाऱ्यांना फोन? चाचा, तुमचा हिसाब आता हा एकटाच बघणार, लई हुशार हाय!"

तो हसत होता, पण भिंतीवरचा पाळ्यांचा कागद काढून त्यानं त्याची घडी घातली होती. खोटं कशाला बोलू, कामावर माझं एकट्याचं नाव कसं दिसेल हे मी मनात बघून घेतलं होतं. पण वजनाचं गणित सगळं तिनं बसवलेलं, गिऱ्हाईक त्यानं आणलेलं. निव्वळ माझा म्हणावा असा फक्त पासवर्ड होता.

मी टीमचा प्लॅन निवडला. लगेच पुढचा प्रश्न आला: ॲडमिन कोण? म्हणजे माणसं घेणार-काढणार कोण?

"झालं, सोसायटीची निवडणूक लागली," ती म्हणाली. मित्रानं हात वर करून स्वतःलाच मत दिलं. मी तिचं नाव टाकलं.

पुढच्या आठवड्यात काकांना पत्र पाठवलं:

"काका, पाया पडतो. काम सोमवारी दिलं. व्यापाऱ्यांनी पहिली पावती स्वतः काढली आणि शाब्बास म्हणाले ते मशीनला. आता आम्ही तिघं एका प्लॅनमध्ये आहोत. वैजापूरच्या मैत्रिणीला मला काढता येतं, मला तिला नाही. उशीर झाला की ती म्हणते, दाबू का बटण? तुम्ही काळजी करू नका. मी वेळेवर जातो, आणि ती बटण दाबणार नाही असं मला वाटतं. मित्राला मात्र तेवढी खात्री नाही."