कुरखेड्याला गेलेले मिस कॉल

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरने एका रविवारी माझ्या बहिणीच्या सासरची अकरा माणसं जीपमध्ये बसवून राजुऱ्याला आणली, आणि त्यात कॉम्प्युटरची काहीच चूक नव्हती.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. ताई पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे राजुऱ्याला आली होती. भाऊजी कुरखेड्याला मास्तर. मधे चंद्रपूर, मूल, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, आरमोरी असं पाच तासांचं अंतर. मोबाईलची रेंज तिकडे तेव्हा झाडावर चढूनही मिळत नसे, त्यामुळे भरवसा घरच्या फोनवर. आई आणि विहीणबाईंनी मिळून एक करार केला होता. रोज सकाळी आमच्याकडून कुरखेड्याला मिस कॉल द्यायचा. एकदा वाजून बंद झाला तर सगळं ठीक. लागोपाठ दोनदा वाजला तर कळा सुरू झाल्या. तीनदा वाजला तर असाल तसे निघा. शेवटचं कलम सगळ्यात कडक होतं: मिस कॉल कोणीही उचलायचा नाही.

हे काम माझ्याकडे आलं. मी बी.एस्सी. होऊन एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामा होतो. आता रोज उठून एक नंबर फिरवायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट वाचवण्यासाठी मी दोन दिवस घालवून एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो फोनच्या वायरीला जोडलेल्या मोडेममधून कुरखेड्याचा नंबर लावायचा, एक घंटी होऊ द्यायचा, फोन ठेवायचा आणि बंद व्हायचा. (मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून मी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकली होती. त्याचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग. शेवटचाही हाच.)

अडचण होती लोडशेडिंगची. सकाळी सहा ते दहा लाईट नसायची. दहाला लाईट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा, पण त्याला नीट जागं व्हायला दहा मिनिटं लागायची. लिनक्समध्ये सगळ्यात आधी एक प्रोग्राम उठतो आणि तो बाकीच्यांना एकेक करून उठवतो. माझ्याकडचा जुना उठवणारा म्हणजे पंगतीतला शिस्तीचा वाढपी. भात सगळ्यांना पोचल्याशिवाय वरण आणणार नाही. त्यात टपालाचा प्रोग्राम नसलेल्या इंटरनेटची वाट पाहत ताटकळायचा, आणि मिस कॉल रांगेत सगळ्यात शेवटी.

"काऊन रे," आईने एक दिवस मला धरलं, "तुह्या डब्ब्याले घंटी द्याले दहा मिनिटं कायले लागते? तिकडं विहीणबाई फोनसमोर बसून राह्यते, म्हणे. जीव खालीवर होते तिचा."

"आई, मी हातानेच देतो उद्यापासून," असं एखादा शहाणा माणूस म्हणाला असता. मी म्हणालो, "आई, मी उठवणाराच बदलतो."

नव्या उठवणाऱ्याचं नाव रनिट. त्याची तऱ्हा वेगळी होती. तो सगळ्यांना एकदम उठवायचा, आणि शिवाय प्रत्येकावर नजर ठेवायचा. कोणी काम करता करता मान टाकली की लगेच हलवून पुन्हा कामाला लावायचा. हे वाचून मी भारावून गेलो. असा मॅनेजर मी आमच्या क्लासमध्येसुद्धा पाहिला नव्हता. शनिवारी बसून मी जुन्याला काढलं, नव्याला बसवलं आणि टपाल, छपाई, मिस कॉल असे सगळे नोकर त्याच्या ताब्यात दिले. चाचणीही घेतली. फक्त बाबा फोनवर बोलत असल्याने मोडेमची वायर तेवढी काढून ठेवली होती. मशीन पाऊण मिनिटात उभं राहिलं. माझी छाती फुगली.

रविवारी दहाला लाईट आली. दहा वाजून एक मिनिटाने मोडेमने कुरखेड्याला घंटी दिली. मी आईकडे विजयी वीरासारखं पाहिलं आणि हा पराक्रम सांगायला चौकातल्या मित्राकडे निघून गेलो.

आता कोणाच्याही लक्षात आलं असेल ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मिस कॉलचा प्रोग्राम काम संपवून बंद झाला. नव्या मॅनेजरला वाटलं, याने मान टाकली. त्याने त्याला हलवलं. बिचाऱ्याने पुन्हा कुरखेड्याला घंटी दिली आणि पुन्हा बंद झाला. मॅनेजरने पुन्हा हलवलं. मिनिटाला एक, असा हिशेब मांडा. मधे एकदा बाबांनी रिसीव्हर उचलला, तर कानात किरर्र झालं. "पोट्टं इंटरनेटवर हाय," म्हणून त्यांनी निमूट खाली ठेवला. मी इंटरनेटवर नव्हतो, मी चौकात बसून मित्राला सांगत होतो की हा मॅनेजर कधी चुकत नाही.

पावणेदोनला जेवायला आलो तर मोडेमचा दिवा लुकलुकत होता. कॉम्प्युटरमधली नोंदवही उघडली. नंबर लावला, ठेवला. नंबर लावला, ठेवला. दोनशे एकोणीस वेळा. मी प्रोग्राम मारला. मॅनेजरने तो जिवंत केला. मी पुन्हा मारला. त्याने पुन्हा जिवंत केला. मॅनेजरलाच थांबायला सांगण्याचा एक साधा हुकूम असतो, तो मला पाठ होता, आणि त्या क्षणी तो सोडून बारावीच्या रसायनशास्त्रासकट सगळं आठवत होतं.

"काय करून राह्यला बे तू?" बाबा मागे येऊन उभे राहिले.

"हे थांबत नाही, बाबा."

बाबांनी भिंतीतलं बटण बंद केलं. थांबलं.

मग कुरखेड्याला हाताने फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. आईने स्वतः लावला, तरी नाही. तिने रिसीव्हर ठेवला. "माय वो, निघाले ते लोकं," ती म्हणाली. जेवण तसंच राहिलं. ताई मात्र नीट जेवली. दोघांचं जेवायचं असल्याने तिला आमच्यासारखं उपाशी राहून काळजी करता येत नव्हती.

चार वाजता जीप आली. ताई तेव्हा फाटकाशी बसून हिरव्या चिंचा मीठ लावून खात होती. जीपमधून आधी भाऊजी उतरले, एका पायात चप्पल आणि एका पायात बूट. मग विहीणबाई, डिंकाच्या लाडवांचा डबा पोटाशी धरून. मग व्याही, चुलते, चुलत्या, दोन मावश्या आणि शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, ज्यांना कोणीतरी रस्त्यातून उचललं होतं.

ताईने चिंच लपवली. "जय भीम," ती म्हणाली. "काऊन आले तुमी सगळे?"

भाऊजी तिथेच पायरीवर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून मला पहिल्यांदा खरी लाज वाटली. तोवर मी नुसता घाबरलो होतो.

"दुसरी घंटी झाली, मी शर्ट घातला," भाऊजी सांगू लागले. "तिसरी झाली, जीप सांगतली. दहा झाल्या, आई रडाले लागली. सतरा झाल्या तं मावशी म्हणे जुळे हाय. तीसच्या पुढं कोणी काई बोललंच नाई."

"मंग उचलला काऊन नाई?" बाबांनी विचारलं.

"उचलाचा नाई असं ठरलं होतं ना," विहीणबाई म्हणाल्या. करार मोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

मी समजावायला पुढे झालो. उठवणारा, मान टाकणारा, मॅनेजर, सगळं सांगितलं. अकरा जणांनी शांतपणे ऐकलं. शेवटी विहीणबाईंनी विचारलं, "म्हणजे तुह्या मशीननं 'सगळं ठीक हाय' असं आमाले दोनशे खेपा सांगतलं?"

"दोनशे एकोणीस," मी म्हणालो. (खरं बोलायची ही वेळ नव्हती.)

मंडळी मुक्काम करून सोमवारी परत गेली. जाताना भाऊजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साळेबुवा, आता तुमच्या घंटीवर मी शाळेतून हलत नाई." मी हसलो. ते हसले नाहीत.

गुरुवारी सकाळी ताईला खऱ्याच कळा सुरू झाल्या. बाबा रिक्षा आणायला पळाले. मी हाताने, स्वतःच्या बोटाने कुरखेड्याचा फोन लावला. न उचलण्याचं कलम रविवारीच रद्द झालं होतं, त्यामुळे शाळेत निघायच्या बेतात असलेल्या भाऊजींनी तो उचलला. "भाऊजी, निघा. ताईला कळा सुरू झाल्या."

मग भाऊजी म्हणाले, "कॉम्प्युटरनं आता बोलाले बी शिकलं का?"

"भाऊजी, मी आहे. शपथेवर सांगतो."

"बरं हाय. दोनशे खेपा सांगा, मंग निघतो." आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. त्यांनी उचलून पुन्हा ठेवला. आत ताई भाऊजींचं नाव घेऊन विचारत होती, निघाले का म्हणून. तिसऱ्यांदा लावला आणि "भाऊजी, ऐका तर," एवढं म्हणतो तोच आई मागून आली आणि तिने रिसीव्हर माझ्या हातातून ओढला. पण बोलायला तोंड उघडल्यावर तिची नजर माझ्यावर पडली, आणि तिला राहवलं नाही.

"बह्याडा, मुडद्या, तुह्या त्या डब्ब्यापायी माह्या पोरीचा नवरा येऊन नाई राह्यला! पेटव तो डब्बा चुलीत! तुले जन्म दिला ते दिशी मी घरी कायले होती, शेतात जाले पाह्यजे होतं!" असं बरंच. जवळजवळ दोन मिनिटं. रिसीव्हर पूर्ण वेळ तिच्या तोंडाशी होता.

ती दम घ्यायला थांबली तेव्हा पलीकडून भाऊजींचा आवाज आला. "निघालो, आई. आत्ताच निघालो."

दुपारी सव्वातीनला भाऊजी दवाखान्याच्या व्हरांड्यात शिरले, आणि त्याच वेळी आतून भाचीचा पहिला आवाज आला. ताईने त्यांना पाहिलं आणि ती रडली, भाऊजीही रडले, मग मीही रडलो. आईने मला बाजूला हो म्हणून सांगितलं.

त्यानंतर आमच्या घरून कुरखेड्याला जाणारा कोणताही महत्त्वाचा निरोप, बारसं असो की कोणाचं आजारपण, आई आधी फोनवर मला मनसोक्त शिव्या घालते आणि मग सांगते. त्याशिवाय तिकडे कोणाचा विश्वासच बसत नाही. हे काम मात्र मी अजून कोणत्याही मशीनवर टाकलेलं नाही. आईला त्यासाठी उठवावं लागत नाही.