उसनी आणलेली सातवी

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मागाहून थोडी लाज वाटते. हसू त्या दिवसाचं, लाज माझी स्वतःची.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. गुन्हे म्हणजे बांधावरच्या मारामाऱ्या आणि पाण्याच्या पाळीवरून फुटलेली डोकी. गावाबाहेर मुलांचं सुधारगृह होतं. कागदावर त्याचं नाव हातभर लांब, पण लोक नुसतं ‘रिमांड’ म्हणत. कोर्टाने पाठवलेली अल्पवयीन मुलं तिथे असायची.

त्यातला एक माझाच ‘माल’ होता. आदल्या वर्षी सांगलीला असताना मी त्याला सायकलचोरीत धरलं होतं. वय तेरा, आईबाप नाहीत, एक मामा फौजेत. त्याची तऱ्हाच न्यारी. बाजारातून सायकल उचलायची, दिवसभर हुंदडायचं आणि संध्याकाळी दिसेल त्या दाराला लावून चालू पडायचं. त्यामुळे एका चोरीला दोन माणसं ठाण्यात रडत यायची. एक ज्याची सायकल गेली तो, आणि दुसरा ज्याच्या दारात ती सापडली तो. पोराला मामासारखं फौजेत जायचं होतं. मी म्हणालो होतो, “सातवी पास हो. रिमांडात शाळा आहे. पास झालास तर वय भरल्यावर भरतीला मी स्वतः तुला घेऊन जाईन.” पुढे माझी बदली नेमकी याच ठाण्यात झाली. सहा महिने झाले तरी मी रिमांडाची पायरी चढलो नव्हतो.

माघाचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो. तेवढ्यात एक गुऱ्हाळवाले घाईघाईने आत आले.

“साहेब, रिमांडची पोरं सुटली! बारा हायती. माझ्या फडात बसून ऊस खात्यात.”

“रिमांडचीच कशावरून?”

“आवं, डोकी बगा की त्यांची! समद्यांची चकोट.”

मुलं पळाली अशी नोंद एकदा डायरीत पडली की वरपर्यंत घंटा वाजते. म्हणून मी आधी रिमांडाच्या अधीक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, “सातवीची बाराही मुलं वर्गात बसली आहेत साहेब. आज शाळातपासणी आहे. कृपा करून आज येऊ नका.”

बारा मुलं फडात आणि तीच बारा वर्गात. आमचे हवालदार जुने, मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, “साहेब, मोजल्याबिगर कळायचं न्हाई.” आणि पोलिसाला ‘येऊ नका’ म्हटलं की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. आम्ही दोघे सायकलींवर निघालो.

वर्गात शिक्षण खात्याचे वयस्कर साहेब खुर्चीत बसले होते. समोर बारा मुलं, खाकी चड्डी आणि पांढरा सदरा. दिडकी, अडीचकीचे पाढे धडाधड म्हणत होती. एकाने फळ्यावर व्याजाचं गणित असं सोडवलं की मलाही जमलं नसतं. मी दारात उभा राहून मोजली, बारा भरली. माझी छाती फुगली. सरकारी शाळा असावी तर अशी! मी परत फिरणार, तोच हवालदार कानाशी लागले.

“साहेब, रिमांडात खोबरेल कवापासून द्याया लागले? भांग बगा की कसा पाडलाय.”

खरंच, बाराही डोक्यांवर चापूनचोपून पाडलेला भांग होता. मी बारा डोकी मोजली होती, पण एकही पाहिलं नव्हतं. इतक्यात हजेरी सुरू झाली. माझ्या सायकलवाल्याचं नाव पुकारलं गेलं आणि एक गुबगुबीत, गोरा मुलगा उठून म्हणाला, “हजर!” माझा सायकलवाला काटकुळा, काळा आणि भुवईवर खोक असलेला.

साहेबांसमोर तमाशा नको म्हणून मी त्या मुलाला व्हरांड्यात घेतलं आणि पोलिसी खाक्यात विचारलं, “काय चोरून आलास रे इथे?”

सराईत पोराला हे विचारलं की तो डोळ्याची पापणी न हलवता सांगतो. निरपराध मात्र गडबडतो. याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“आमी कायबी न्हाई चोरलं! गावातल्या शाळंत हाय मी. गुरुजी म्हणलं, आजच्या दिस हितं बसायचं, पेढा मिळंल. ही कापडंबी माजी न्हाईत. लय घट्ट हाईत. साहेब, आईला सांगू नगा!”

तपास संपला. अधीक्षकांना त्यांच्या खोलीत गाठलं. माणूस वाईट नव्हता, मेटाकुटीला आलेला होता.

“दीड वर्ष झालं, शिक्षकाची जागा रिकामी आहे. अर्जांचा ढीग पाठवला. शिपाईच वर्ग घेतो. तपासणीत नापास झालो तर सातवीच बंद होईल. मग गावच्या हेडमास्तरांकडे शब्द टाकला. साहेब, घरी पाहुणे आले की आपण शेजारून ताटं-वाट्या आणतोच की! तशी मुलं आणली.”

मला इतकं हसू फुटलं की टोपी काढून टेबलावर ठेवावी लागली. आमच्या भागात मुलगी दाखवायची म्हटलं की सतरंजी एका घरची, तांब्याचा हंडा दुसऱ्या घरचा, कधीकधी दारातली म्हैससुद्धा तिसऱ्या घरची. पण उसना वर्ग मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हसू फडापाशी गेल्यावर मावळलं. बारा चकोट मुलं बांधावर रांगेत बसली होती. त्यांना सांभाळायला ठेवलेला पहारेकरी उन्हात घोरत होता. एकानेही पळायचा प्रयत्न केला नव्हता. माझा सायकलवाला मला बघून उभा राहिला.

“पळाला का नाहीस रे?” मी विचारलं.

“पळून कसं चालंल साहेब? मार्चात परीक्षा हाय. तुमीच म्हणला हुता की, सातवी पास हो.”

“अभ्यास किती झाला?”

“शिपाईमामा शिकवत्यात. पर त्यास्नी दिडकीपातूरच येतं.” तो जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला, “साहेब, माज्या जागंवर कोन बसलंय? त्यानं उत्तरं बराबर दिली का?”

खात्यात इतकी वर्षं काढली, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. याला इथे पाठवून मी हात झटकले होते आणि शाळा आहे म्हणून कुणीतरी सांगितलं, ते खरं मानलं होतं.

मी बाराही मुलांना वर्गात नेऊन त्या बारांच्या शेजारी उभं केलं. शिक्षण खात्याचे साहेब आधी लालबुंद झाले. हेडमास्तरांना बोलावणं गेलं, त्यांनी मान खाली घातली. अधीक्षकांना वाटलं, नोकरी गेली. मग साहेबांनी सायकलवाल्याला अडीचकी विचारली. त्याने नकारार्थी मान हलवली. दिडकी विचारली, ती त्याने न अडखळता म्हटली.

“डोकं आहे पोराला, पुढचं शिकवायला माणूस नाही,” साहेब म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

मी म्हणालो, “साहेब, उसनं भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. हेडमास्तरांनी बारा मुलं उसनी दिली. आता परीक्षेपर्यंत रिमांडाने आपली बारा त्यांच्याकडे द्यावीत. ने-आण माझा शिपाई करील.”

हेडमास्तर चाचरले, “गावातली माणसं काय म्हणतील? चोरांची पोरं आमच्या पोरांत?”

आमच्यामागून आलेले गुऱ्हाळवाले दारातूनच गरजले, “आवं गुरुजी, तुमची पोरं न इचारता ऊस मोडत्यात. ह्यांनी माज्या गड्याला इचारून मोडला! माजं पोरगं बसंल ह्यांच्या मांडीला मांडी लावून.”

त्यांचं पोरगं म्हणजे तोच गुबगुबीत ‘हजर’. पुढे दोन महिने तो आणि सायकलवाला एकाच बाकावर बसले. साहेबांनी शेऱ्यात सगळं खरं लिहिलं आणि सातवी बंद करण्याऐवजी शिक्षक मागितला. शिक्षक आला तेव्हा परीक्षा होऊन गेली होती, हे सांगायला नकोच.

मुलांना कुठे पाठवलं याची नोंद आम्ही चोख ठेवतो. तिथे त्यांना काय मिळालं हे बघायला कुणी जात नाही. त्या दिवसापासून मी ज्या ठाण्यात गेलो, तिथल्या अशा शाळेत महिन्यातून एकदा जाऊन बसायचो. हजेरी ऐकायचो आणि तोंडं बघायचो.

निकालाच्या दिवशी मी ठाण्याच्या पायरीवर उभा होतो. सायकलवाल्याची मुदत तेव्हा संपली होती. तो घामाघूम होऊन आला, हातात निकालाचा कागद, पास. आणि खाली नवीकोरी सायकल! माझी नजर आधी सायकलवर गेली. सवय जाते कुठे?

“कुणाची रे ही?”

तो खो-खो हसला. “गुऱ्हाळवाल्यांची. इचारून आणलीया. सांजच्याला त्यांच्याच दारात लावतो, साहेब. भरतीला कवा जायाचं ते सांगा.”