आतो-सान नावाचा माणूस

जपानात स्वतःच्या नावाला कोणी 'सान' लावत नाही. तो मान दुसऱ्याला द्यायचा असतो, हे इथे आलेल्या कोणालाही आठवड्याभरात कळतं. सबनीस काका मात्र अकरा वर्षं छातीवर हात ठेवून "सबनीस-सान देस" अशी स्वतःची ओळख करून देतायत, आणि समोरचे जपानी इतके सभ्य की कोणी हसत नाही. मी पहिल्याच भेटीत हसले. त्यांना वाटलं, मुलगी मनमोकळी आहे.

आमचा एदोगावातला रनिंग क्लब रविवारी सकाळी नदीकाठी पळतो. काका पळत नाहीत, त्यांचा गुडघा दुखतो. ते गळ्यात स्टॉपवॉच अडकवून उभे राहतात आणि शिकवतात. चढ आला की म्हणतात, "बाळ, चढ आहे." उतार आला की म्हणतात, "बाळ, आता उतार." एवढंच सगळं कोचिंग.

या हिवाळ्यात क्लबच्या बायकांच्या एकिदेन टीममध्ये, म्हणजे खांद्यावरची पट्टी पुढचीला देत पळायच्या त्या लांब रिलेत, एक जागा रिकामी झाली. कॅप्टन मोरी-सान मला म्हणाल्या, ओसाकाच्या इनडोअर मीटमध्ये तीन हजार मीटर बारा मिनिटांच्या आत पळ, जागा तुझी. मला ती जागा इतकी हवी होती की मी महिनाभर ऑफिसात लिफ्ट सोडून जिने चढले.

"इनडोअर म्हणजे काय, घरातल्या घरात पळणं," काका म्हणाले. "मी येतो. राउंड मोजायला अनुभवी माणूस लागतो." इनडोअर ट्रॅक त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मीही नाही, पण मी निदान तसं सांगत होते.

आणि काय असतो तो ट्रॅक. दोनशे मीटरचा, म्हणजे पंधरा राउंड, आणि वळणं अशी तिरकी की मौत का कुआं आठवावा. फळ्यांवर सगळ्यांचे स्पाइक्स धडधडतात, हवा इतकी कोरडी की तिसऱ्या राउंडलाच घशात वाळू. "वळणावर वरच्या बाजूने जा, बाळ, वर गर्दी नसते," काकांनी आधी सांगून ठेवलं होतं. गर्दी नसते, कारण तिथून अंतर वाढतं. हे मला दोन राउंड फुकट घालवल्यावर कळलं.

पुढच्या मुली मला ओलांडून गेल्या तेव्हा माझं मोजणं चुकलं. तेवढ्यात लाइनीवरच्या पंचाने थेट माझ्याकडे बोट करून सांगितलं, "आतो सान." म्हणजे 'उरले तीन'. माझ्या जपानीच्या पुस्तकात सहाव्याच धड्यात आहे हे. पण वळणावरून काका ओरडले, "तुला नाही, आतो-सानला सांगतोय तो. तुझे दोनच. सूट."

आणि मी सुटले. धडा पाठ होता, पंचाचं बोट माझ्याकडे होतं, तरी सुटले. दम संपलेला असताना मराठीत कोणी चुकीचंही सांगितलं तरी पाय तेच ऐकतात, त्याला माझा इलाज नाही. जीव तोडून दोन राउंड मारले आणि गुडघ्यांवर हात ठेवून थांबले. पंच धावत आला. "आतो इची." उरला एक. तो एक मी कसा ओढला ते मला आठवत नाही. बारा मिनिटं एकोणीस.

मोरी-साननी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत काका त्यांच्या मोडक्या जपानीत म्हणाले, हिला जपानी कळत नाही.

परतीच्या शिंकान्सेनमध्ये ते डब्यातला मासा निवांत सोलत होते.

"काका, आतो हे आडनाव नाहीये. आतो म्हणजे उरलेले."

त्यांनी काटा काढून कडेला ठेवला. "मग नीट सांगायला नको त्यांनी?"

"सगळ्यांना कळलं, काका."

"मी तुझ्या भल्यासाठी ओरडलो, बाळ." एवढं बोलून ते लोणच्याकडे वळले.

मोरी-सान भल्या बाई. त्यांनी मला पुढच्या महिन्यात बाहेरच्या, चारशे मीटरच्या ट्रॅकवर आणखी एक संधी दिली. काका स्टॉपवॉच पुसत हजर होतेच. मी त्यांच्यासमोरच मोरी-सानना जपानीत सांगितलं, आज राउंड मीच मोजणार, या माणसाला कृपा करून ट्रॅकपासून लांब बसवा. मोरी-सान वाकून काकांसाठी खुर्ची घेऊन आल्या.

"काय म्हणालीस गं तिला?" काकांनी विचारलं.

"म्हटलं, तुम्ही मोठे आहात, तुम्हाला उभं ठेवणं बरं दिसत नाही."

"बघ, याला म्हणतात मान," ते म्हणाले आणि ऐसपैस बसले.

साडेसात राउंड, एकेक मी मोजला. अकरा मिनिटं त्रेपन्न. टीममध्ये आले. सबनीस काकांच्या स्टॉपवॉचवर बारा-चार आले होते आणि त्यावर ते अजूनही ठाम आहेत.