रंधा कितपत दाबायचा?

भाट्याच्या खाडीवर तीस वर्षं होड्या बांधणाऱ्या दाऊद मिस्त्रींना १९५६ साली शाळेनं पाचवीच्या मुलांना सुतारकाम शिकवायला बोलावलं. पहिल्याच दिवशी मैना नावाच्या मुलीनं विचारलं, "गुरुजी, रंधा कितपत दाबायचा?"

मिस्त्री गोंधळले. हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. "दाबायचा... म्हणजे लाकूड बघून."

"लाकडात काय बघायचं?"

शेवटी त्यांनी तिला तिचे हात आपल्या हातांवर ठेवायला लावले आणि फळीवरून रंधा फिरवला.

"सुरुवातीला तुमचा पुढचा हात दाबतो, शेवटी मागचा," मैना म्हणाली.

मिस्त्रींनी पुन्हा रंधा मारून पाहिला. पोरीचं बरोबर होतं.

"मला ठाऊकच नव्हतं गो," ते पुटपुटले. "आता सगळ्यांना तूच सांग. मीही ऐकतो."