पोरीचा हात हुंगला तेव्हा

त्याने माझ्या पोरीचं मनगट धरलं, नाकाशी नेलं आणि हुंगलं. सगळ्यांसमोर.

"खोबरेल," तो म्हणाला. "तेल लावून बँड सोडवलाय. हे लोक असेच."

तो वॉटरपार्कचा मॅनेजर. पोर अकरा वर्षांची. तिला पाण्यातून ओढून फाटकापाशी आणलेलं. ओली, कुडकुडत. भोवती सुटीची गर्दी. कोणी हसलं, कोणी मोबाइल काढला.

मी त्याच फाटकाबाहेर पोहण्याचे कपडे भाड्याने देते. सुती कपड्यांत आत सोडत नाहीत, त्यावर आमचं पोट. पोर लहानपणापासून माझ्या टपरीवर बसून आतल्या किंकाळ्या ऐकत आली. आत कधी गेली नव्हती. त्या दुपारी बोळिंजच्या एक बाई लवकर बाहेर आल्या. त्यांच्या मुलीचं पोट बिघडलं होतं. म्हणाल्या, "ताई, आमचा दिवस फुकट गेला. हिचा बँड तुमच्या मुलीला घाला आणि कपड्यांचं भाडं सोडून द्या." बांगडी घट्ट झाली की आम्ही तेल लावतो. तसंच तेल लावून मी तो तिकिटाचा कागदी पट्टा अलगद सोडवला आणि पोरीच्या हातात घातला. पोर उड्या मारत आत गेली. मला त्यात पाप दिसलं नाही. आजही दिसत नाही.

बाई अजून रिक्षाची वाट बघत होत्या. मी सांगितल्यावर मॅनेजरने त्यांना विचारलं.

"मी कशाला देईन? यांनीच मागितला."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आली रिक्षा, गेल्या.

"अर्धं वापरलेलं तिकीट विकणं-घेणं गुन्हा आहे," मॅनेजर म्हणाला. "कायदा आहे. पोलीस बोलावू?"

कायदा म्हटल्यावर मी हात जोडले. "पोरीला सोर, साहेब. मना काय करायचा ता करा."

तो हसला. तिकीटखिडकीशेजारी एक भिंत आहे. पकडलेल्यांचे फोटो तिथे चिकटवतात. त्याने खडूने पाटीवर लिहिलं आणि पाटी माझ्या नाही, पोरीच्या हातात दिली. पोर शाळेत हुशार. तिने मोठ्याने वाचलं.

"मी फुकटी आहे."

मग माझ्याकडे वळली. "आये, ह्या खरा हाय का?"

मोबाइलचा आवाज झाला. फोटो निघाला.

माझी भीती तिथेच मेली. सोसायट्यांच्या मोठाल्या सहली येतात. एक थकला की त्याचा बँड दुसऱ्याच्या हातात. फाटकावरचे वॉचमन बघतात, हसून सोडतात. त्यांचे हात कोणी हुंगत नाही. मी पाटी हिसकावली. लुगड्याच्या पदराने पुसली.

"कंचा कायदा? दाखव मना."

त्याने फाटकावरचा बोर्ड दाखवला.

"तो तुमीच रंगवलाय. तुमचा नियम हाय तो. बँड काप, आमाना भायेर काढ, गुमान जाईन. पोरीच्या हातात पाटी द्यायचा कुठं लिवलाय?"

तो म्हणाला, "टपरी उठवीन तुझी."

"उठव."

उठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे बांबू गटारात पडले होते. भिंतीवर पोरीचा फोटो. ओले केस, हातात पाटी, तोंड उघडं. खाली लिहिलेलं, तिकीटचोर. माणसं तिकीट काढताना बघत होती, आपल्या मुलांना दाखवत होती.

मी आधी तिचा फाडला. मग बाजूचा. गास गावचा कोणी म्हातारा होता, दोन कॉलेजची पोरं होती, कडेवर मूल घेतलेली एक बाई. सगळे फाडले. वॉचमनने दंड धरला. मी झटकला.

पोर तेव्हापासून अंगावर पाणी घेताना दार लावून रडते. मी तिला उगी उगी म्हणत नाही. तिला विचारते, तुझा हात कोणी हुंगला? तिला ते तोंड विसरू देणार नाही.

टपरी आता रस्त्यापलीकडे आहे. तिथून ती भिंत दिसते. रोज सकाळी आधी तिकडे जाते, मग कपडे मांडते. ज्या दिवशी तिथे कोणाचाही फोटो लागेल, त्या दिवशी फाडीन. पोलीस आणा. मी पळणार नाही.